देवकीच्या नावाचा पत्ता

हिंगणा, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

भाऊ,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता दुसऱ्या एका बाईकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर पुरतं वाच. तुझ्या मोबाइलवर माझा नंबर लागत नाही. दुकानाच्या फोनवर माझा आवाज ऐकला की तुझा माणूस 'शेठ बाहेर गेले' म्हणतो. पोस्टमन मात्र अजून दोघांच्याही दारात येतो.

मी भांडायला लिहीत नाही. एक गोष्ट विचारायची आहे. ती तुला न विचारताही करता येते, म्हणूनच विचारते आहे.

मी कारखान्याची वेबसाइट करते आहे. 'देवकी कूलर' या नावाने.

आता तू म्हणशील, नाव तर माझ्या दुकानावर आहे. आहेच. माझ्या कारखान्यावरही आहे. बाबा गेल्यावर तुला कंपनीतून आलेले फायबरचे कूलर विकायचे होते, मला बाबांसारखे पत्र्याचेच बनवायचे होते. तू सक्करदऱ्याचं दुकान घेतलंस, मी हिंगण्याचं शेड घेतलं. सगळ्याची वाटणी झाली, नावाची झाली नाही. दोघांपैकी कोणीच मायचं नाव सोडायला तयार नव्हतं, आणि या भांडणाला कंटाळून माय रामटेकला कौसल्यामावशीकडे निघून गेली. दोघांच्या बोर्डावर तिचं नाव, आणि ती दोघांच्याही घरात नाही.

वेबसाइटचं डोक्यात आलं ते गेल्या उन्हाळ्यात. नवतप्याचे ते नऊ जाळणारे दिवस लागायच्या आधी पारशिवनीहून एक बाई आल्या, शोभाताई म्हणून. तिथल्या एका लहानशा प्रसूतिगृहात नर्स आहेत. आधी बसने, मग ऑटोने, भर उन्हात. चेहरा लालबुंद झालेला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाल्या, "ताई, तुमचा फोन काहून लागत नाही? किती दिवसांपासून लावून राहिली मी."

त्यांनी मोबाइलवर दाखवलं. नकाशावर 'देवकी कूलर' असं येतं. फोटो तुझ्या दुकानाचा, पत्ता माझ्या शेडचा, आणि नंबर बाबांचा. कोणी कधी टाकलं, देव जाणे. बाई बंद पडलेल्या नंबरवर फोन लावत होत्या आणि तिकडे बाळंतिणी ओल्या फडक्याने लेकरांना वारा घालत होत्या. आधी त्या तुझ्याकडेही येऊन गेल्या होत्या. तिथे त्यांना सांगितलं, पत्र्याचे मोठे आम्ही ठेवत नाही. कुठे मिळतात, ते कोणी सांगितलं नाही.

मी तुझ्याबद्दल काही बोलले नाही. त्याच संध्याकाळी कूलर टेम्पोत घालून पाठवला. पण तेव्हापासून मनात बसलं की आपला धड एक पत्ता असायला हवा.

हिंगणा टी-पॉइंटजवळ रीना म्हणून एक बाई कॉम्प्युटरचा क्लास घेते, लोकांच्या साइटही करून देते. तिने मला नीट समजावलं. दोन गोष्टी घ्याव्या लागतात. एक नाव, ज्याला डोमेन म्हणतात. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग, जिथे आपली पानं आणि फोटो ठेवलेले असतात. नाव म्हणजे बोर्ड, जागा म्हणजे दुकान. दोन्हीचं भाडं वर्षाच्या वर्षाला भरायचं. विसरलं की नाव दुसरा कोणीही उचलू शकतो.

मी विचारलं, फुकटची जागा मिळते म्हणे, ती काहून नको? ती म्हणाली, "मिळते ना ताई. पण तिथं तुमच्या नावाच्या मागं त्यांचं शेपूट राहते, अन् गर्दी झाली की ते पहिले तुम्हालेच बाहेर काढतात. तुमची सगळी गर्दी एप्रिल-मे मध्येच."

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, त्यावरून ती मला पटली. म्हणाली, नाव माझ्या नावावर नोंदवू नका, तुमच्याच नावावर नोंदवा. एका हार्डवेअरवाल्याचं नाव त्याच्या साइटवाल्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मग तो गाव सोडून गेला, आणि नावही त्याच्याबरोबर गेलं.

तर मुद्दा असा. इंग्रजीत मायचं नाव दोन तऱ्हांनी लिहितात. तुझ्या बोर्डावर 'डीईओ' करून लिहिलं आहे, आपल्याकडे देवराव-देवळी लिहितात तसं. मी 'डीईव्ही' लिहिते. पुढे डॉट इन लावलेली दोन्ही नावं आज मोकळी आहेत. रीना म्हणते, दोन्ही आताच घेऊन टाका, उद्या तुमच्या भावाने घेतली तर रडत बसाल. मी घेतलेली नाहीत.

होळीपर्यंत कळव. कोणतं नाव कोणी घ्यायचं, की आणखी काही करायचं. पोस्टाने कळव, माणूस पाठव, काहीही कर.

वंदना


हिंगणा
२ मार्च २०२५

भाऊ,

कळवलंस. फार चांगलं कळवलंस.

बाजारात श्वेतावहिनी भेटल्या होत्या. त्यांनी सांगितलं, तू पत्र वाचलंस, दोनदा वाचलंस, मग खिशात घालून दुकानात गेलास. मला बरं वाटलं. म्हटलं, विचार करतो आहे.

काल रीनाकडे गेले. तिने नाव टाकून पाहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. तुझ्या स्पेलिंगचं नाव गेलं होतं. घेणाऱ्याचं नाव दिसत नाही म्हणे, पण तिथे एक पान चढलेलं होतं. त्यावर तुझ्या दुकानाचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'नागपुरातील एकमेव देवकी कूलर'.

एकमेव.

मी तुला विचारलं होतं, भाऊ. तू मला विचारलं नाहीस. तुझं उत्तर मला दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर वाचावं लागलं.

रीना म्हणाली, दुसरं तरी घ्या. मी घेतलं. डीईव्हीवालं नाव आता माझ्या नावावर आहे. जागाही घेतली, रोज रात्री साइटची नक्कल काढून ठेवणारी, आणि अडचण आली तर माणूस फोन उचलेल अशी. पहिल्या पानावर 'मूळ देवकी कूलर' असं लिहा म्हणून मी तिला सांगून आले.

आता लोक एका स्पेलिंगने तुझ्याकडे येतील, दुसऱ्याने माझ्याकडे. पारशिवनीची बाई पुन्हा आली तर तिने काय करायचं, ते तू ठरव. मला सुचत नाही.

वंदना


रामटेक
२० मार्च २०२५

भाऊ,

हे मावशीच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. माय आत तांदूळ निवडते आहे. मी काय लिहिते ते तिला माहीत आहे. तिनेच लिहायला सांगितलं.

मी तक्रार घेऊन आले होते. चहा होईपर्यंतसुद्धा दम धरवला नाही. एकमेव काय, मूळ काय, डीईओ काय, डीईव्ही काय, सगळं तिच्यापुढे ओतलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो बी येऊन गेला. गेल्या आठवड्यात. त्यानं बी हेच सांगतलं."

तू इथे आला होतास हे मला माहीत नव्हतं. माझी दोन्ही पत्रं घेऊन आला होतास, आणि दुसरं मावशीकडून मोठ्याने वाचून घेतलंस, हेही मावशीने सांगितलं. मावशीला माझा राग नीट वाचता आला नसणार. ती देवाची पोथी वाचल्यासारखंच सगळं वाचते.

मी मायला विचारलं, त्याने नाव आधी काहून घेतलं, ते सांगितलं काय. माय खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. म्हणाली, "तू घेशील म्हणून घेतलं म्हणे. मंग तू काहून घेतलं?"

मी म्हटलं, त्याने घेतलं म्हणून.

"मंग झालं तं," ती म्हणाली.

त्यानंतर तिने माझा मोबाइल मागितला. म्हणाली, दाखव, कोणतं नाव घेतलं त्यानं अन् कोणतं तू. मी दोन्ही पानं उघडून वरचे इंग्रजी पत्ते दाखवले. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग माझ्या हातात परत दिला. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण तुलाही कळवायला सांगितलं आहे.

"माह्या नावासाठी भांडून राहिले दोघं, अन् मलेच वाचता येत नाही. तुह्या बापानं बोर्ड लिवला तेव्हा मले पहिले वाचून घ्यायले लावलं होतं. मले वाचता येईल असं लिवा. नाही तं माह्यं नाव काढून टाका. तुमचं तुमचं ठेवा."

मी तशीच उठले, भाऊ. बसस्टँडपर्यंत जाऊन रीनाला फोन केला. मराठी अक्षरांत असा पत्ता होतो काय, असं विचारलं. ती म्हणाली, होतो. शेवटी डॉट भारत येतं आणि आधीचं सगळं आपल्या अक्षरांत लिहिता येतं. अडचणी आहेत, तेही तिने सांगितलं. काही जुन्या मोबाइलवर ते भलत्याच अक्षरांत दिसतं, ईमेलला तो पत्ता नीट चालत नाही. म्हणून इंग्रजी नावंही ठेवावी लागतील. पण ती दोन्ही नावं त्या एकाच पत्त्याकडे वळवता येतात. कोणीही कोणत्याही स्पेलिंगने आलं तरी एकाच दारात येईल.

म्हणजे तुझं नाव तुझ्याकडेच राहील, माझं माझ्याकडे, आणि तिसरं मायचं.

मायचं नाव मोकळं आहे. रीनाने तपासून सांगितलं. या वेळी मी थांबते आहे. खरंच थांबते आहे. घ्यायचं तर मायच्या नावावर घ्यायचं. भाडं भरायची आठवण येईल तो ईमेल मात्र दोघांचा ठेवायचा, म्हणजे एक विसरला तरी दुसरा भरेल. तुला पटलं तर रीनाला फोन कर. नंबर खाली लिहिला आहे. माझ्याशी बोलायची गरज नाही.

'मूळ' हा शब्द मी काढून टाकायला सांगितला आहे. तू म्हणशील म्हणून नाही. मायने तो पानावर वाचला तेव्हा मलाच बरा वाटला नाही.

वंदना


हिंगणा
२४ एप्रिल २०२५

भाऊ,

उन्हं किती तापली आहेत ते तुला सांगायला नको. शेडमध्ये पत्र्याला हात लावता येत नाही. एमआयडीसीची पहिली पाळी सुटली की कामगार मोटरसायकलवरूनच विचारतात, ताई, कूलरचं गवत बदलून देता काय. माणसं कमी पडतात. म्हणून हे पत्र तुकड्या-तुकड्यांनी लिहिते आहे.

सोमवारी काय झालं ते तुला रीनाने सांगितलंच असेल, पण माझ्या बाजूनेही ऐक.

सकाळपासून माझा फोन वाजत होता. जो तो फायबरचा कूलर मागत होता. इतके जण माझ्याकडे काहून, हे कळेना. एकाने सांगितलं, सक्करदऱ्याचं पान उघडतच नाही, म्हणून शोधत इकडे आलो. मी पाहिलं. तुझ्या पानाच्या जागी नुसता पांढरा पडदा, त्यावर इंग्रजीत एक ओळ. रीनाला विचारलं तर म्हणाली, फुकटच्या जागेवर आहे त्यांची साइट. गर्दी झाली, त्यांनी बंद केली. महिना संपेपर्यंत उघडणार नाही.

हंगामाच्या ऐन दिवसांत. वर्षाचं दुकान याच दिवसांवर चालतं, हे आपण दोघं बाबांच्या मांडीवर बसून शिकलो आहोत.

मी जेवायला बसले होते. तुझे भाऊजी दुपारच्या पाळीला निघाले होते. त्यांना म्हटलं, याचं पान बंद पडलं. ते नेहमी या भांडणात गप्प राहतात, तुला माहीत आहे. त्या दिवशी पायात बूट घालताना एवढंच म्हणाले, "त्याले मालूम हाय काय?"

माझ्या मनात तो विचारच आला नव्हता. आपलं पान आपण रोज उघडून कुठे पाहतो. तुला वाटत असेल, यंदा गिऱ्हाईक कमी आहे.

तुझा नंबर मला लागत नाही, आणि पत्र पोचेपर्यंत आठवडा गेला असता. मी रीनाला तुझा नंबर दिला आणि म्हटलं, आताच फोन कर. आणि जे कोणी फायबरचा कूलर मागत होते, त्या सगळ्यांना तुझ्या दुकानाचा रस्ता सांगितला. त्यांतला कोणी आला काय?

रीना म्हणते, तू आधी तिच्यावरच चिडलास. मग विचारलंस, हे तुम्हाला सांगायला कोणी लावलं. तिने माझं नाव सांगितलं. मग तू विचारलंस, वंदनाची जागा कशी आहे. तिने सांगितलं, ऐसपैस आहे, दोघांचं आरामात मावते.

त्या संध्याकाळीच तू तुझी पानं माझ्या जागेत हलवायला सांगितलीस. रीनाने मला विचारलं, चालेल ना? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं.

आणि दुसऱ्या दिवशी मायचं नाव घ्यायलाही तू हो म्हणालास. मीच पैसे भरतो, असंही म्हणालास. भर. पुढच्या वर्षी मी भरीन.

साइट कशी दिसावी यावर तू रीनाशी वाद घातलास, तेही कळलं. तुला वर आधी फायबरचे हवेत. ठेव. पण पत्र्याच्या कूलरला 'जुन्या पद्धतीचे' लिहिलंस, ते मी खोडलं आहे. 'मोठ्या हॉलसाठी, गोठ्यासाठी, दवाखान्यासाठी' असं लिहिलं. तुझ्या कूलरच्या कागदी जाळीपेक्षा माझ्या गवतातून हवा जास्त थंड येते, हे मी अजूनही म्हणते. हे भांडण चालू राहू दे. याने कोणाचं वाईट होत नाही.

नकाशावरचा घोळही मिटवावा लागेल. दोन दुकानं, दोन पत्ते, दोन नंबर. त्यासाठी दोघांचीही संमती लागते. माझी दिली. बाबांचा नंबर तिथून काढायचं बटण मात्र माझ्याने दाबवलं नाही. ते तू कर.

वंदना


रामटेक
१ जून २०२५

भाऊ,

परवा तुझ्याशी फोनवर बोलले, तरी हे पत्र लिहिते आहे. फोनवर तू मला मध्येच तोडतोस. इथे तोडता येत नाही.

तुझ्या कानावर पडलं ते तुला माहीत आहे. इकडे काय चाललं होतं, ते सांगते.

मी सकाळच्या बसने आले. मायसाठी मोठ्या पडद्याचा मोबाइल आणला होता. मावशी म्हणत होती, आता या वयात कशाला. माय म्हणाली, माह्या नावाचं दुकान हाय, मले पाहू दे. ओसरीवर खाट टाकून ती बसली. मी पत्ता टाइप करायला बोट पुढे केलं तर तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली, अक्षरं कोठं हाय तेवढं सांग, मी करतो.

तिला वेळ लागला. देवकीचा 'दे' सापडला, 'व' सापडला, 'की' ला दोनदा चुकली. कूलरचा 'कू' तर मलाच शोधून द्यावा लागला. शेवटी 'भारत' लिहून झालं आणि पान उघडलं. वर मोठ्या अक्षरांत देवकी कूलर. खाली एका बाजूला सक्करदरा, दुसऱ्या बाजूला हिंगणा. तिने ते मोठ्याने वाचलं. एकदाच. मग मावशीला बोलावून पुन्हा वाचून दाखवलं.

बाबांच्या बोर्डाचा फोटो तू शोधून दिलास, हे मला तिथेच कळलं. रीनाने मला सांगितलं नव्हतं. मायने त्यावर बोट ठेवलं तर फोटो मोठा झाला. ती दचकली, मग हसली. इतकी हसताना मी तिला बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग ती म्हणाली, हे हिरवं काय आहे? मी म्हटलं, फोन करायचं बटण. तिने दाबलं. सक्करदऱ्याच्या बाजूचं दाबलं. मुद्दाम की चुकून, मी विचारलं नाही.

तू उचललास. तुझा आवाज ओसरीभर ऐकू आला. "नमस्कार, देवकी कूलर, बोला."

मायने मोबाइल तोंडापुढे आरशासारखा धरला होता. म्हणाली, "देवकीच बोलून राहिली."

पुढचं तुला ठाऊक आहे. बाजूला कोण आहे, असं तू विचारलंस, आणि तिने मोबाइल माझ्या हातात दिला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर भेटल्यावर सांग. तू म्हणालास, दुकानात गिऱ्हाईक आहे, नंतर करतो.

फोन ठेवल्यावर माय म्हणाली, "गिऱ्हाईक-बिऱ्हाईक काही नाही. आवाज भरला त्याचा." मी म्हटलं, असेल वं माय गिऱ्हाईक, हंगाम आहे. ती म्हणाली, "मी माय हाव त्याची. तू नको शिकवू."

संध्याकाळी तू फोन केलास तो माझ्याच नंबरवर केलास. मी लगेच उचलला नाही. घरातल्या सगळ्यांनी पडद्यावरचं तुझं नाव पाहावं असं मला वाटलं. रागावू नकोस.

आता कामाचं. रीना म्हणते, दोन्ही दुकानांचे नवे फोटो लागतील, आणि तुझ्या दुकानापुढची मोटरसायकलची गर्दी आधी हलवावी लागेल. शिवाय पावसाळ्यात कूलर झाकून कसे ठेवायचे, यावर एक पान करू. लोक तेच विचारतात. पत्र्याचं मी लिहिते, फायबरचं तू लिही. छोटं लिही.

आणि हे तुला सांगायला मायने सांगितलं नाही, तरी सांगते. ती पुढच्या रविवारी माझ्याबरोबर नागपूरला येते आहे. आज सकाळी लुगडी पिशवीत भरत होती. मावशीने विचारलं, किती दिवसांसाठी? माय म्हणाली, "पाहतो. पहिले तिच्याकडं राहतो, मंग त्याच्याकडं. पुन्हा भांडले तं रामटेकची बस कोठून सुटते ते मले मालूम हाय."

तू रविवारी टेम्पो घेऊन नागपूरच्या बसस्टँडवर ये. सामान फार नाही, पण तिला तूच न्यायला यावंस असं मला वाटतं.

तुझी,
वंदना